अ‍ॅटलास, हीरो, रॅले: जुनी सायकल कधी ‘भारी’ तर कधी ‘डाऊनमार्केट’ का ठरते?

इन्स्टावर जुन्या काळ्या सायकलीचे रील तुम्ही पाहिले असतीलच. मोठं हँडल, सळईचे ब्रेक, चामड्याचं सीट, समोर गोल दिवा आणि खाली भरपूर लाइक्स. तशीच सायकल गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावात कुणाच्या पडवीत उभी असेल, तर घरातला कॉलेजला जाणारा मुलगा ती घेऊन बाहेर पडायला बहुतेक तयार नसतो. मग वस्तू एकच असताना एकीकडे ती भारी आणि दुसरीकडे लाजिरवाणी का वाटते? एखाद्या जुन्या सायकल ब्रँडचा ‘कूलपणा’ येतो कुठून आणि जातो कुठे? या लेखात तेच सोप्या भाषेत समजून घेऊया. शेवटी, मोबाइल वापरून जुनी सायकल ओळखायची कशी आणि विकताना फसवणूक टाळायची कशी, तेही पाहूया.

थोडक्यात

- सायकलचा ब्रँड साधारण चार पायऱ्यांतून जातो: दुर्मीळ, सर्वांची, नाइलाजाची आणि शेवटी ‘विंटेज’.
- या पायऱ्या सगळीकडे एकाच वर्षी येत नाहीत. शहरात चौथी पायरी सुरू असते तेव्हा गावात तिसरी चालू असू शकते.
- कूलपणा लोखंडात नसतो. चालवणाऱ्याने ती सायकल स्वतः निवडली की दुसरं काही परवडत नाही म्हणून घेतली, यावर तो बराचसा ठरतो.
- लोकांना ब्रँड आवडू लागला म्हणजे कंपनी वाचते असं नाही. अ‍ॅटलास हे त्याचं मोठं उदाहरण आहे.

‘कूल’ म्हणजे नेमकं काय?

मराठीत आपण भारी, झकास, जबराट असं काहीही म्हणतो. मार्केटिंगच्या अभ्यासकांनी या शब्दाचा बराच पिच्छा पुरवला आहे. कॅलेब वॉरन आणि मार्गारेट कॅम्पबेल यांनी 2014 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्याचा गाभा असा: जी व्यक्ती किंवा वस्तू स्वतःच्या मर्जीने चालते, विनाकारण लादलेले नियम मोडते, पण मर्यादा सोडत नाही, ती लोकांना कूल वाटते. सोप्या शब्दांत सांगायचं तर, ‘मला हवं म्हणून मी हे करतोय’ असं दिसलं पाहिजे.

पुढे 2019 मध्ये वॉरन, राजीव बत्रा, सँड्रा लोरेरो आणि रिचर्ड बॅगोझी यांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये ब्रँडच्या कूलपणाचे दहा गुण मांडले. दिसायला सुंदर, अस्सल, बंडखोर, प्रतिष्ठेचा, लोकप्रिय, एखाद्या गटाची ओळख असलेला वगैरे. त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. ब्रँड आधी मोजक्या लोकांत कूल होतो, मग सगळ्यांत. सगळ्यांत पोचला की विक्री वाढते, पण त्याची बंडखोरी आणि वेगळेपणा कमी होत जातो.

आता हे सूत्र आपल्या सायकलींना लावून पाहूया.

पहिली पायरी: विलायती आणि दुर्मीळ

सुरुवातीच्या काळात आपल्याकडे चांगली सायकल म्हणजे इंग्लंडहून आलेली सायकल. रॅले ही नॉटिंगहॅमची कंपनी, 1880 च्या दशकात फ्रँक बोडेन यांनी उभी केलेली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका बनवणारी कंपनी. म्हणूनच तिच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसतात. रॅलेवर बगळ्याचं डोकं, रजवर उघडा पंजा. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही चिन्ह पाहून सायकल ओळखता येई.

अशी सायकल गावात एखाद्याकडेच असायची. मास्तर, पोस्टमन, दुकानदार, सरकारी माणूस. त्यामुळे सायकलवर बसलेला माणूस आपोआप ‘कुणीतरी’ ठरायचा. त्या काळात ब्रँड म्हणजे पत. आजच्या भाषेत सांगायचं तर, तो त्या वेळचा आयफोन होता.

2018 मध्ये आलेला प्रकाश कुंटे यांचा ‘सायकल’ हा मराठी चित्रपट याच काळात घडतो. कोकणातल्या एका ज्योतिषाचा त्याच्या पिवळ्या सायकलीवर किती जीव आहे, यावर सगळी गोष्ट उभी आहे. आज चोरीला गेलेल्या फोनबद्दल जे वाटतं, ते तेव्हा सायकलीबद्दल वाटायचं.

दुसरी पायरी: सगळ्यांच्या स्वप्नातली

स्वातंत्र्याच्या आसपास भारतातच सायकली बनू लागल्या. हा कालपट पाहा:

- 1939: मुंबईत वरळीला हिंद सायकल्स. महाराष्ट्रातला हा मोठा सायकल कारखाना.
- 1949: मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स. हर्क्युलिस आणि बीएसए ही नावं भारतात इथूनच घराघरात पोचली.
- 1951: हरियाणातल्या सोनीपतला जानकीदास कपूर यांनी अ‍ॅटलास सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे 12,000 सायकली बनल्या.
- पन्नाशीच्या दशकाची सुरुवात: बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले.
- 1956: लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो सायकल्स.

1965 पर्यंत अ‍ॅटलास देशातली सर्वांत मोठी सायकल कंपनी झाली होती. पुढे हीरोने तिला मागे टाकलं आणि 1986 मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून हीरोचं नाव गिनीज बुकात गेलं.

या काळात सायकल दुर्मीळ राहिली नाही, पण तिची किंमत कमी झाली नाही. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल दिली म्हणजे आंदण भरभक्कम समजलं जाई. गंमत म्हणजे चीनमध्येही असंच होतं. तिथे घड्याळ, सायकल, शिलाई मशीन आणि रेडिओ या चार वस्तू सुखी संसाराची खूण मानल्या जात. तिआनजिन शहरात 1950 मध्ये सुरू झालेली ‘फ्लाइंग पिजन’ ही त्यांची अ‍ॅटलास म्हणता येईल.

आपल्याकडे अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि त्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिव्याशिवाय निघालं किंवा डबलसीट गेलं तर पोलीस अडवायचे. ज्या वाहनाला कर आणि दंड लागू होतो, ते वाहन समाज गंभीरपणे घेतो. पुण्याला तर ‘सायकलींचं शहर’ हीच ओळख मिळाली होती. प्राध्यापक, कामगार, विद्यार्थी, सगळे सायकलवर. तिथे सायकलवरून माणसाची गरिबी किंवा श्रीमंती कळत नसे, हे लक्षात ठेवा. पुढे ते कळू लागलं आणि गडबड तिथेच झाली.

तिसरी पायरी: नाइलाजाची सायकल

1972 मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने लूना आणली. 50 सीसीचं छोटं इंजिन आणि सोबत पायडल. सायकल चालवता येणाऱ्या कुणालाही ती चालवता यायची. त्याच वर्षी बजाजची चेतक स्कूटरही आली. मग 1984 मध्ये हीरो समूहाने जपानच्या होंडासोबत हीरो होंडा कंपनी काढली आणि 1985 मध्ये सीडी 100 ही मोटरसायकल बाजारात उतरवली. म्हणजे ज्या घराण्याने देशाला सायकल दिली, त्याच घराण्याने सायकलवरून उतरण्याचा रस्ताही दिला.

यानंतर रस्त्यावर फरक दिसू लागला. ज्याला जमलं तो गाडीवर गेला. ज्याला जमलं नाही तो सायकलवर राहिला. सायकल तीच, तिची ताकदही तीच, पण तिचा अर्थ बदलला. ‘अजून सायकलवरच?’ हा प्रश्न टोमणा बनला.

कंपन्यांवरही परिणाम झाला, पण त्यांच्या अडचणी सगळ्या फॅशनमुळे आल्या असं समजू नका. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या आधीच अडचणीत होत्या आणि 1980 मध्ये खास कायदा करून सरकारने त्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. म्हणजे ब्रँडचं नाव लोकांच्या तोंडी असतानाही कारखाना आजारी असू शकतो. ब्रँडची प्रतिमा आणि कंपनीची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काळ्या सायकलीची रचना बदलली नाही, हेही एक कारण. ही रचना मुळात इंग्रजी ‘रोडस्टर’ची. 28 × 1½ इंची टायर, सळईचे ब्रेक, उंच फ्रेम, वजन साधारण 20 किलो किंवा जास्त. खराब रस्ता, धानाचं पोतं, मागे बसलेलं माणूस, सगळं ती सोसते. पण चढावर जड जाते आणि पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाहीत. दूधवाला, पाववाला, भाजीवाला यांना हीच मजबुती हवी होती. त्यामुळे ती कामाची सायकल म्हणून टिकली आणि तरुणांच्या नजरेतून उतरली.

मुलांसाठी नवं रूप

कंपन्या गप्प बसल्या नव्हत्या. अ‍ॅटलासने 1978 मध्ये भारतातली पहिली रेसिंग सायकल आणली आणि 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांना सायकली पुरवल्या. टीआयने बीएसए एसएलआर आणि मुलींसाठी लेडीबर्ड आणली. हीरो रेंजर आणि हर्क्युलिस एमटीबी यांनी जाड टायर आणि सरळ हँडल शाळकरी मुलांपर्यंत नेलं. 1992 मध्ये ‘जो जीता वही सिकंदर’ आला. त्यात सगळी चुरस एका सायकल शर्यतीसाठी असते आणि श्रीमंत शाळेच्या मुलांकडे भारी सायकली असतात. एका पिढीसाठी गिअरची सायकल हे स्वप्न झालं.

इथे एक बारीक गोष्ट घडली. एकाच ब्रँडच्या दोन प्रतिमा तयार झाल्या. हीरोची काळी सायकल म्हणजे बाबांची, हीरो रेंजर म्हणजे माझी. कूलपणा ब्रँडच्या नावापेक्षा मॉडेलवर जाऊन बसला. पुढे हीरोने 2015 मध्ये फायरफॉक्स ही महागड्या सायकलींची कंपनीच विकत घेतली आणि तिचं नाव बदललं नाही. महाग सायकलवर जुनं नाव नको, असा हिशोब त्यामागे असावा असं दिसतं.

चौथी पायरी: विंटेज

सायकल रस्त्यावरून कमी झाली की ती पुन्हा दिसू लागते, पण भिंतीवर, कॅफेत, फोटोत. पुण्यात कर्वेनगरला 2017 पासून विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. तिथे जुन्या सायकली आणि त्या काळातल्या इतर वस्तू पाहायला मिळतात. ज्यांच्याकडे कार आहे, ते रविवारी आजोबांची रॅले बाहेर काढतात आणि लोक कौतुकाने बघतात.

आता वरचं संशोधन आठवा. हा माणूस सायकल चालवतो, कारण त्याला हवी आहे. त्याला पर्याय आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं. म्हणून तो कूल दिसतो. ज्याच्याकडे पर्याय नाही, तो तीच सायकल तितक्याच ऐटीत चालवत असला तरी त्याला तो मान मिळत नाही. जुनी सायकल कूल व्हायला आधी तिची गरज संपावी लागते. कडू आहे, पण बऱ्याच जुन्या वस्तूंचं असंच होतं. चुलीवरचं जेवण, मातीचं घर, घोंगडी, सगळ्यांना हाच नियम लागू पडतो.

दवनीवाड्याचं घड्याळ वेगळं का?

शहर आणि गाव यांतला फरक आकड्यांत दिसतो. जनगणनेत घरात सायकल आहे का, हे विचारलं जातं. देशाचे आकडे असे:

- शहरी घरं: 2001 मध्ये 46.0 टक्के घरांत सायकल, 2011 मध्ये 41.9 टक्के.
- ग्रामीण घरं: 2001 मध्ये 42.8 टक्के, 2011 मध्ये 46.2 टक्के.
- स्कूटर, मोटरसायकल किंवा मोपेड असलेली घरं, संपूर्ण देश: 11.7 टक्क्यांवरून 21.0 टक्के.

म्हणजे त्या दहा वर्षांत शहरातली सायकल कमी झाली आणि गावातली वाढली. शहर तिसऱ्या पायरीवरून चौथीकडे निघालं होतं, तेव्हा अनेक गावांत दुसरी पायरीच रंगात होती.

गोंदिया जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. धानाचा, तेंदूपत्त्याचा, तलावांचा हा भाग. बहुतेक जमीन सपाट, त्यामुळे गिअर नसलेली सायकलही आरामात चालते. बांधीवर जायचं, बाजाराला जायचं, शाळेत जायचं, ही अंतरं सायकलच्या आवाक्यातली आहेत. अशा ठिकाणी काळी सायकल अजून कामाची आहे, ‘आठवण’ झालेली नाही. म्हणून पुण्यातल्या मुलाला जे रेट्रो वाटतं, ते दवनीवाड्यातल्या मुलाला ‘आपल्याकडे गाडी नाही’ याची जाहिरात वाटू शकतं.

मोबाइलने यात भर घातली आहे. पूर्वी गावातला मुलगा स्वतःची तुलना गल्लीतल्या मुलांशी करायचा. आता तो पुणे-मुंबईच्या रीलशी करतो. तिथली चौथी पायरी त्याला स्क्रीनवर दिसते आणि स्वतःची तिसरी पायरी दारात दिसते. दोन्ही एकाच दिवशी. गोंधळ होणारच. रीलमधल्या मुलाने सायकल शौक म्हणून घेतली आहे आणि आपण गरज म्हणून, एवढं कळलं तरी उगाच वाटणारी लाज बरीच कमी होते. सायकलमध्ये काही कमी नसतं. बघणाऱ्याच्या मनातला हिशोब वेगळा असतो.

मुलींच्या सायकलीचं वेगळं गणित

‘गरज असेल तर कूल नाही’ या नियमाला एक मोठा अपवाद आहे: शाळेत जाणाऱ्या मुली.

बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकल द्यायची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि शाळा दूर असलेल्या गावांत फायदा जास्त झाला, असं त्यांना आढळलं.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे दिले जातात. गोंदिया जिल्हाही या कार्यक्रमात आहे. 2022 मध्ये ही रक्कम 3,500 वरून 5,000 रुपये झाली. घर ते शाळा अंतर आणि इतर अटी शाळेत विचारता येतात.

आता बघा. सायकल तीच, किंवा त्याहून साधी. पण ज्या मुलीला आधी कुणीतरी सोडायला यावं लागायचं, ती आता मैत्रिणींसोबत स्वतः निघते. मुलासाठी सायकल म्हणजे गाडी नसल्याची खूण असेल, तर तिच्यासाठी ती पर्याय मिळाल्याची खूण आहे. वॉरन आणि कॅम्पबेल यांच्या भाषेत सांगायचं तर मर्जी तिच्या बाजूला आहे. त्यामुळे एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच रस्त्यावर सायकलचे दोन अर्थ चालू शकतात. ब्रँड ‘कूल आहे का’ असं विचारण्याआधी ‘कुणासाठी’ हे विचारायला हवं, ते यासाठीच.

हरवलेला कूलपणा परत आणता येतो का?

येतो, पण लोकांचं प्रेम पुरेसं नसतं. काही उदाहरणं पाहूया.

रॉयल एनफिल्ड: बुलेट मद्रासमध्ये 1955 पासून बनते आहे. 2000 च्या आसपास कंपनी बंद करायची वेळ आली होती. 2009 मध्ये क्लासिक मॉडेल आलं. रूप जुनं, इंजिन नवं. जुन्याची आवड असलेल्या माणसाला विकत घेण्यासाठी नवीन वस्तू मिळाली. शिवाय बुलेट कधीच गरिबाचं वाहन समजली गेली नव्हती, हाही फायदा.

चेतक: बजाजने 2009 च्या अखेरीस स्कूटर बनवणं सोडण्याचं जाहीर केलं. दहा वर्षांनी, ऑक्टोबर 2019 मध्ये, चेतक हे नाव इलेक्ट्रिक स्कूटरवर परतलं. नाव जुनं, यंत्र पूर्ण नवं.

लूना: फेब्रुवारी 2024 मध्ये ई-लूना आली. तिने शौकापेक्षा कामावर भर दिला आहे, सामान वाहता येईल अशी.

रॅले चॉपर: उंच हँडल आणि लांब सीटची ही मुलांची सायकल ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात गाजली. 2023 मध्ये रॅलेने तिची नवी आवृत्ती 950 पौंडांना विकायला काढली. 

आणि अ‍ॅटलास? मध्य प्रदेशातला मालनपूरचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला, सोनीपतचा 2018 मध्ये आणि शेवटचा साहिबाबादचा 3 जून 2020 ला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. दुसऱ्या दिवसापासून सोशल मीडियावर अ‍ॅटलासच्या आठवणींचा पूर आला. पण आठवणी काढणाऱ्यांपैकी कितीजणांनी मागच्या दहा वर्षांत नवी अ‍ॅटलास घेतली होती? ‘विंटेज’ पायरीवर लोक जुनी वस्तू शोधतात आणि तिच्या व्यवहारात पैसे जातात जुन्या मालकाकडे किंवा भंगारवाल्याकडे. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या हाती त्यातलं काही येत नाही. शेकडो कामगारांची नोकरी त्या लाइक्सनी वाचली नाही.

मोबाइलवर कूलपणा कसा तपासाल?

गूगल ट्रेंड्स: इथे 2004 पासूनचा शोधांचा आलेख दिसतो. लक्षात ठेवा, त्यातले 0 ते 100 हे आकडे म्हणजे शोधांची संख्या नाही. निवडलेल्या काळात सर्वांत जास्त शोध झाला त्या क्षणाला 100 धरून बाकीचं मोजलेलं असतं. तीन काळज्या घ्या:

1. नुसतं ‘अ‍ॅटलास’ टाकू नका, नकाशांचे शोधही त्यात येतील. ‘अ‍ॅटलास सायकल’ असं टाका.
2. इंग्रजी आणि देवनागरी, दोन्ही लिप्यांत शोधून बघा. निकाल वेगळे येतात.
3. आलेख उंच गेला म्हणजे आवड वाढली असं नाही. कारखान्याला टाळं लागल्याची बातमी आली तरी लोक शोधतात.

दवनीवाड्यासारख्या एका गावाचा वेगळा आलेख तिथे मिळत नाही. त्यासाठी जुनाच उपाय: गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जा आणि विचारा, कोणत्या कंपनीच्या सायकली येतात, कोण घेऊन येतं आणि सुटे भाग कशाचे मागतात. ट्रेंड्समध्ये न दिसणारी माहिती तिथे पाच मिनिटांत मिळते.

गूगल लेन्स: सायकलच्या पुढच्या नळीवरचा बिल्ला, पायडलजवळचं दातेरी चाक आणि सीट यांचे वेगवेगळे फोटो काढा. उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे उठावाची अक्षरं स्पष्ट दिसतील. बगळा, तीन बंदुका, पंजा अशी चिन्हं लेन्स बऱ्याचदा ओळखतं. पण एकाच भागावरून निष्कर्ष काढू नका. पन्नास वर्षांत सीट एकाचं, चाक दुसऱ्याचं असं झालेलं असतं.

फ्रेम नंबर: सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या आसाखाली कोरलेला असतो. रंगाखाली दबला असेल तर कापडाने हळू पुसा, पॉलिश पेपर घासू नका. नंबरचा फोटो आणि जुनी पावती असेल तर तिचा फोटो फोनमध्ये जपून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांना देता येतो.

घरात जुनी सायकल असेल तर काय करावं?

भंगारात किलोच्या भावाने देण्याआधी एकदा तपासा. फ्रेमला तडा नसेल आणि पुढचा फोर्क सरळ असेल तर सायकल बहुधा पुन्हा चालू होते. छर्रे बदलणं, चाकाचा आउट काढणं, नवे टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेनला तेल, एवढ्यात बरंच काम होतं. ब्रेक आधी, रंग नंतर. चालवायची असेल तर मागे लाल रिफ्लेक्टर लावाच, कारण रात्री गावच्या रस्त्यावर काळी सायकल दिसत नाही.

विकायची असेल तर घाई करू नका आणि ऑनलाइन ‘विंटेज’ म्हणून लावलेल्या किमती खऱ्या समजू नका. त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नव्हे. घेणारा ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाला तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुना ब्रँड म्हणजे चांगली सायकल, असं आहे का?
नाही. नाव तेच राहून मालक, कारखाना आणि सुटे भाग बदलू शकतात. रॅलेने तर ब्रिटनमधलं उत्पादन 2002 मध्येच थांबवलं. नावाआधी फ्रेम, ब्रेक आणि जवळच्या दुकानात भाग मिळतात का, हे पाहा.

गिअरची सायकल घेऊ की साधी?
रोजचा रस्ता सपाट असेल आणि सामान न्यायचं असेल तर साधी सायकल पुरते, देखभालही कमी. चढ-उतार असेल किंवा लांब पल्ला असेल तर गिअर उपयोगी. गावात गिअर दुरुस्त करणारा आहे का, हे आधी विचारा.

आजोबांची सायकल कॉलेजला नेली तर लोक हसतील का?
कदाचित पहिले काही दिवस. वर सांगितलेलं सूत्र इथेही चालतं: नाइलाज म्हणून नेलेली सायकल आणि मुद्दाम नीट करून, पुसून, घंटी बसवून नेलेली सायकल यांत बघणाऱ्याला फरक कळतो. आणि गाडीच नाही म्हणून नेत असाल तरी पेट्रोलचे पैसे तुमच्याच खिशात राहतात.

मग सायकलचा ब्रँड पुन्हा सर्वांसाठी कूल होईल का?
विंटेजची हौस एकटी ते करू शकणार नाही. रस्त्याच्या कडेला सायकलसाठी सुरक्षित जागा, गावात दुरुस्तीचं दुकान आणि परवडणारी नवी चांगली सायकल, या तीन गोष्टी असतील तर गाडी असलेला माणूसही सायकल निवडेल. ज्याच्याकडे गाडी आहे आणि ज्याच्याकडे नाही, असे दोघं एकाच रस्त्यावर सायकलने जाऊ लागले, की सायकलवरून कुणाची ऐपत मोजता येणार नाही. जुन्या पुण्यात सायकलला मान होता तो याच कारणाने.